‘चार चाव्या’चा शेवटचा भाग

प्रिय गप्पू,

सेटवर तुला सगळे ‘सर’ म्हणतात असं मुलाखतीत वाचलं. मी म्हणणार नाही. ज्या माणसाचे ओले मोजे मी दीड वर्ष माझ्या खुर्चीच्या पाठीवरून चिमटीत धरून उचलले, त्याला सर म्हणायला माझी जीभ वळत नाही. बारा वर्षांत आपण एकमेकांना एक ओळ लिहिलेली नाही, त्यामुळे हे जाडजूड पाकीट बघून तुला वाटेल की गोळीवालीला मालिका आवडली. तेव्हा आधीच सांगून टाकते. तुझी ‘चार चाव्या’ मला अजिबात आवडलेली नाही. एकोणचाळीस भाग बघितले, एकही चुकवला नाही आणि एकही आवडला नाही. आणि चाळिसावा, म्हणजे शेवटचा, तू मुलाखतीत सांगितलास तसा दाखवू नयेस, एवढ्यासाठी हे लिहिते आहे. का, ते पुढे येईल. आधी मला पोटभर बोलून घेऊ दे, कारण दर शुक्रवारी संध्याकाळी आठ ते नऊ मी दातओठ खात गप्प बसलेली असते.

पहिलं म्हणजे ते घर. अरे, तो दिवाणखाना आहे की विमानतळ? आपण चौघांनी मिळून भाड्याने घेतलेलं घर चौथ्या मजल्यावर होतं, तीन खोल्यांचं, आणि चौथी खोली म्हणजे काचा लावून बंद केलेली बाल्कनी, जिच्यात तू राहायचास आणि पाय लांब केले की तुझं डोकं भिंतीला लागायचं. तुझ्या मालिकेतल्या स्वयंपाकघरात मधोमध संगमरवरी ओटा आहे, ओट्यावर फुलदाणी आणि फुलदाणीत रोज ताजी फुलं. आपल्या ओट्यावर एका वेळी एक कढई आणि एक कोपर मावायचं. गीझर मोजून बारा मिनिटं गरम पाणी द्यायचा आणि त्यातली नऊ मिनिटं वकीलबाई घ्यायच्या, कारण न्हाणीघराच्या आरशासमोर साक्षीदाराची उलटतपासणी केल्याशिवाय त्यांना कोर्टात उभं राहता येत नसे. कपडे धुवायचं मशीन पिळताना थरथरत चालू लागायचं आणि एकदा ते संडासाच्या दाराला असं जाऊन टेकलं की डॉक्टर आत पाऊण तास अडकला. तो आतून शांतपणे म्हणत होता, “घाई नाही, मी वाचतोय.” तुझ्या घरात मशीनच नाही. कपडे धुवायची गरजही पडत नाही म्हणा, कारण कुणी कामालाच जात नाही. चार तरुण नोकरदार, आणि सकाळी अकरा वाजता चौघंही सोफ्यावर, हातात कॉफीचे मग, मग रिकामे. हो, रिकामेच. पिताना घसा हलत नाही कुणाचा.

आणि माणसं तरी कसली निवडलीस! वकीलबाई झोपतानाही काळा कोट घालते की काय असं वाटतं. फ्रीजमधलं लोणी कुणी संपवलं यावरही ती ‘न्याय’ हा शब्द दोनदा उच्चारते. खऱ्या वकीलबाईला मी विचारलं, बघतेस का म्हणून. ती म्हणाली, “एक भाग बघितला, नवऱ्याने टीव्ही बंद केला. माझं रक्त उकळायला लागलं होतं म्हणे.” मग मी. तुझी फार्मासिस्ट. ती घरातसुद्धा पांढरा कोट घालून गोळ्या मोजते, दर भागात एकदा रडते, आणि विसाव्या भागात चष्मा काढला तर सगळ्यांना एकदम साक्षात्कार होतो की ही सुंदर आहे. मी चष्मा काढला की भिंतीवर आपटते, सुंदर वगैरे दिसत नाही. शिवाय तिला डॉक्टरच्या प्रेमात पाडलंस! दोन वेगळ्या पाळ्यांमध्ये काम करणारी माणसं आठवड्यातून चाळीस मिनिटं भेटायची, त्यातली तीस मिनिटं डब्यांची झाकणं कुठे गेली यावर भांडण्यात जायची, त्यात प्रेम कुठून बसवलंस? आणि स्वतःला मात्र कोण घेतलंस! सहा फुटी, गालावर खळी, हातात गिटार. गप्पू, तुला गिटार सोड, दाराची बेल नीट वाजवता येत नव्हती. जाहिरात कंपनीत साबणाच्या ओळी लिहिणारा, किल्ली विसरून जिन्यात बसणारा, थापा मारून मारून ‘गप्पू’ हे नाव कमावलेला पोरगा होतास तू. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते तुझ्या त्या नटाला बघून कळलं.

एक डॉक्टर तेवढा बराचसा जमलाय. त्याचाच तर सगळा त्रास आहे. वाक्य अर्धं सोडून जांभई देणं, पातेल्यातूनच उभ्याउभ्या जेवणं, कुणी दुखतंय म्हटलं की आधी “छान” म्हणणं आणि मग “म्हणजे छान नाही, पण कळलं मला” असं सावरणं, हे तू नीट लक्षात ठेवलं आहेस. मला वाटलं नव्हतं तुझ्या लक्षात असेल. मलाही आता कधी कधी खरा आठवतोय की तुझा, ते चटकन सांगता येत नाही, आणि त्याचाही मला तुझ्यावर राग आहे. त्याला जाऊन बारा वर्षं झाली. सव्वीस वर्षांचा होता. तू त्याला एकोणचाळीस भाग जिवंत ठेवलास, परीक्षेत पास केलंस, आता शेवटच्या भागात मारणार आहेस, आणि वर्तमानपत्रवाल्यांना आधीच सांगून मोकळा झालास.

मी मालिका एकटी बघत नाही. काकूंकडे जाऊन बघते, डॉक्टरच्या आईकडे. तो गेल्यावर महिन्याभराने त्याची पुस्तकं द्यायला म्हणून गेले, मग पुढच्या महिन्यात आणखी काहीतरी निमित्त काढून गेले, आणि आता निमित्त लागत नाही. काकू आयुष्यभर मुलींना शिवण शिकवत होत्या, तुला आठवत असेल. आपल्या घराचे पडदे त्यांनीच शिवून दिले होते आणि तू त्यांना तोंड पुसायचास. टीव्हीसमोर बसतानाही त्यांच्या हातात काहीतरी उसवायला किंवा टाचायला असतंच. पहिल्या भागात डॉक्टर पडद्यावर आला तेव्हा मी त्यांच्याकडे बघायचं धाडस करत नव्हते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, टीव्हीच्या अगदी जवळ गेल्या आणि म्हणाल्या, “अगं, बायकांचा कोट घातलाय त्याला. बटणं बघ कुठल्या बाजूला आहेत.” खरंच होतं. एकोणचाळीस भाग तुझा डॉक्टर बायकांचा कोट घालून फिरतोय आणि तुझ्या त्या पन्नास माणसांच्या लवाजम्यात एकालाही पत्ता नाही. त्या दिवसापासून आम्ही दोघी मिळून तुझ्या चुका काढतो. काकू शिवणाच्या काढतात, मी औषधांच्या. बाराव्या भागात तू तापाच्या रोग्याला जे इंजेक्शन दिलंस त्याने घोडासुद्धा उठला नसता. पण मी हेही बघते की डॉक्टर बोलायला लागला की काकूंची सुई थांबते. तो गेला की पुन्हा चालू होते.

आता त्या फळीबद्दल, म्हणजे मालिकेत तू जिला ‘मनाची पाटी’ असं भयंकर नाव दिलं आहेस तिच्याबद्दल. सागवानी लाकूड, त्यावर पितळी चकत्या, चकत्यांवर कोरलेली नावं. नायिका नायकाची चकती हळूच उलटवते, टकटक वाजते, सतार सुरू होते. गप्पू, लाज कशी नाही वाटली? आपली पाटी म्हणजे दाराच्या आत ठोकलेले चार खिळे होते. चकत्या वकीलबाईंनी एका जुन्या फायलीच्या पुठ्ठ्यातून कापल्या होत्या, एक बाजू पांढरी, एक काळी. पांढरी म्हणजे घरात, काळी म्हणजे बाहेर. कारण काव्य नव्हतं, झोप होती. चौघांच्या चार पाळ्या. कुणाची चकती पांढरी आणि दार बंद असेल तर तो झोपलाय, त्याचं दार वाजवायचं नाही, मशीन लावायचं नाही, फोन आला तर दबक्या आवाजात बोलायचं. काळी असेल तर घर आपलं. झोपताना मोबाईल बंद करायचे, तोही नियम होता. असा साधा कारभार, आणि तो दीड वर्ष चालला, फक्त डॉक्टर सोडून. त्याला ड्युटीवर जाताना चकती उलटवायची आठवणच राहायची नाही. तो दवाखान्यात आणि आपण त्याच्या रिकाम्या खोलीसाठी चोरपावलांनी चालतोय, असं चार-पाच वेळा झालं, तेव्हा आपण उपाय काढला: रॅकवर त्याचे बूट नसतील आणि चकती पांढरी असेल, तर हा पुन्हा विसरला असं समजायचं आणि जो बघेल त्याने उलटवून टाकायची. बहुतेक वेळा तूच उलटवायचास. पण आम्हीही उलटवायचो.

बाकीचं तुला माहीत आहे, तरी एकदा लिहू दे. मी कुणापाशीच बोललेले नाही. त्या मंगळवारी तो सलग दोन पाळ्या करून सकाळी सहाला घरी आला. रोग्याने बुटांवर ओकारी केली होती म्हणून बूट तिकडेच धुवायला ठेवून दवाखान्याच्या रबरी सपाता घालून आला आणि त्या तशाच पायात ठेवून खोलीत गेला. पुढे दोन दिवस सुट्टी, म्हणजे दवाखान्यातही कुणी वाट बघणार नव्हतं. आपण तिघंही दिवसभर आपापल्या कामावर होतो. संध्याकाळी तू मित्रांना घेऊन आलास, चकती काळी होती, म्हणून गाणी लावलीत. काकूंचा फोन आला, तू चकतीकडे बघून सांगितलंस, “डॉक्टर ड्युटीवर आहे काकू, उद्या करतो म्हणावं.” तो तेव्हा दहा पावलांवर तापात पडलेला होता. बुधवारी दुपारी तुला त्याचा टाय हवा होता म्हणून तू दार उघडलंस. मेंदूज्वर. मोठ्या डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारलं, “काल का नाही आणलंत?” आपण तिघं दवाखान्यातल्या बाकावर बसलो होतो, मी कामावरून तशीच आले होते, आणि तू भिंतीकडे बघत म्हणालास, “चकती मीच उलटवली असणार.” वकीलबाईने तुझ्या पाठीवर हात ठेवला. शुक्रवारी सकाळी तो गेला आणि महिनाअखेर आपण घर सोडलं.

‘असणार’ म्हणाला होतास तू तेव्हा. मुलाखतीत ते ‘असणार’ गेलं. आता तू म्हणतोस, “ती चकती माझ्या हातून उलटली. बारा वर्षं तो आवाज माझ्या कानात आहे. ही मालिका म्हणजे माझी कबुली आहे.” वाचून माझं डोकंच फिरलं. कबुली! मध्ये चार वेळा शांपूच्या जाहिराती येणार अशी कबुली! तुझा तो खळीवाला दाराशी उभा राहणार, चकतीवर कॅमेरा, टकटक, आणि घराघरांत लोक हुंदके देणार की बघा, लेखक किती मोठ्या मनाचा. आणि आवाज कसला रे? पुठ्ठ्याची होती ती. पुठ्ठ्याला आवाज नसतो. न केलेल्या गोष्टीची आठवण कुठून आणायची, म्हणून तू पितळेची चकती केलीस आणि तिला आवाज दिलास, आणि तुझ्या स्वभावाप्रमाणे स्वतःच्याच थापेवर विश्वास ठेवलास. इथवर मी तुला शिव्या घालू शकले असते आणि झोपले असते. पण ती मुलाखत काकूंनीही वाचली. चकतीचं त्यांना कधी कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांना वाटत होतं, दार बंद होतं, कुणाला कळलं नाही. आज संध्याकाळी मी गेले तर त्यांनी तो कागद नीट कातरून इस्त्रीच्या टेबलावर ठेवला होता. मला वाटलं, आता तुझा उद्धार होईल, आणि खोटं कशाला बोलू, मला तो ऐकायचा होता. त्या म्हणाल्या, “बारा वर्षं हे पोर एवढं घेऊन एकटं फिरतंय. मला आधी का नाही सांगितलं? मी काय त्याला खाल्लं असतं?” मग मला विचारलं, “तुला माहीत होतं?” मी म्हटलं, हो. त्यांनी जरा वेळ सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला, ओवला गेला नाही, मी ओवून दिला. मग म्हणाल्या की शेवटचा भाग त्याला इथे बसवून बघायचा आहे. तुला पोटाशी धरून सांगायचं आहे त्यांना की तुझा काही दोष नाही. या रविवारी त्या तुला फोन करतील. तुझा नंबर मीच शोधून द्यावा असं त्यांनी मला सांगितलंय.

तेव्हा आता लिहिते. त्या सकाळी साडेसातला सगळ्यात आधी मी बाहेर पडले. रॅकवर बूट नव्हते, चकती पांढरी होती. मी मनात म्हटलं, विसरला पुन्हा बावळट, आणि उलटवली. एका हातात डबा होता, दुसऱ्या हाताने. तू नऊला गेलास तेव्हा ती काळीच होती, तुला उलटवायला काही उरलंच नव्हतं. आदल्या संध्याकाळी मीच ती काळी बघितली होती. सकाळी पांढरी दिसते म्हणजे मधे कुणीतरी येऊन उलटवली, एवढं साधं माझ्या लक्षात यायला हवं होतं. जन्मात एकदा त्याने नियम पाळला होता. मी प्रत्येक बाटलीवरचं नाव दोनदा वाचून पुढे देणारी बाई, आणि तिथे एकदाही नीट बघितलं नाही. चूक होती ती, चूक कुणाच्याही हातून होते. पण त्या बाकावर तू ‘मीच असणार’ म्हणालास तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, गप्पू, आणि मी मूग गिळून बसले. ती चूक नव्हती. तुला मी बारा वर्षं थापाड्या म्हणत आले, आणि तू माझी एकच, न बोललेली थाप खरी धरून तिच्यावर आयुष्य काढलंस. तुझी मालिका टुकारच आहे, त्यातला शब्द मागे घेत नाही, पण एकोणचाळीस शुक्रवार मला जिची किळस येत होती ती तुझी फार्मासिस्ट नव्हती. शेवटचा भाग बदल किंवा बदलू नकोस, पण तो खोटा आहे हे तुला ठाऊक असायला हवं, आणि काकूंची माफी तू माझ्या जागी बसून घेऊ नयेस. मी उद्या शनिवारी दुपारी त्यांच्याकडे जाऊन सांगणार आहे. गेली बारा वर्षं मी असंच उद्या सांगणार आहे. म्हणून आधी हे पाकीट रात्रीच्या कुरियरवाल्याच्या हातात देते, म्हणजे उद्या सकाळपर्यंत ते तुझ्या घरी पोचेल. तू वाचलंस की मग मला सांगण्यावाचून सुटका नाही, कारण मी नाही बोलले तर रविवारी त्यांचा फोन येईल तेव्हा तू बोलशील.

तुझीच,
गोळीवाली